मरीना आँटी आणि आमच्या दोघींची भीती

गेल्या नाताळात माझी मुलगी माझ्या मांडीवर निळी पडत चालली होती, आणि आजूबाजूला सगळे नाचत होते.

हे मी आजपर्यंत कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आज सांगते. कारण जिने तिला वाचवलं ती बाई आज सकाळी गेली.

मरीना आँटी.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्सचं युनिट आहे, तिथे मी बिलिंगला. आँटी चेकिंगला. तयार पँट उलटीपालटी करून धागा न् धागा बघायच्या. राहायच्या अंबरनाथला, एकट्या. मिस्टर कधीच गेले, मुलगा मस्कतला.

डिसेंबर लागला की युनिटवर आँटींचं राज्य. कटिंग टेबलवर स्टार टांगायचा, सिक्रेट सांताच्या चिठ्ठ्या काढायच्या, सगळ्यांना दम भरायचा. शेठ सिंधी, कारागीर अर्धे यूपीचे, मी बदलापूर कात्रपची. पण ख्रिसमस पार्टीला प्रत्येकाने घरच्यांना आणायचंच.

"शीतल, ओवीला आण हां. तिच्यासाठी कुलकुल केलेत."

कुलकुल म्हणजे आपल्या शंकरपाळ्यांचे भाऊबंद. शिंपल्यासारखे वळून तळलेले, वरून साखर.

ओवी तेव्हा तीन वर्षांची.

दुपारची वेळ. केक कापून झाला होता. शेठ लाल टोपी घालून स्वतः नाचत होते. स्पीकर फुल. ओवी दोन्ही मुठींत कुलकुल घेऊन उड्या मारत होती.

मग ती थांबली. वळून माझ्याकडे बघितलं.

खोकला नाही, रडणं नाही. तोंड उघडं आणि डोळे माझ्यावर.

"ओवी? काय झालं पिल्लू?"

तिने माझा ड्रेस घट्ट धरला. ओठांचा रंग बदलायला लागला होता.

मी किंचाळले. त्या गाण्यांत माझं मलाच ऐकू आलं नाही. तिला मांडीवर घेऊन नुसती हलवत बसले. कुणीतरी म्हणालं, पाणी पाजा.

"पानी नको! कोणी पानी देऊ नका!"

आँटी लोकांना ढकलत आल्या. ओवीला माझ्याकडून अक्षरशः ओढून घेतलं. जीन्सच्या गठ्ठ्यावर बसल्या, तिला मांडीवर पालथं घातलं, डोकं खाली, आणि पाठीवर तळहाताने मारलं. जोरात.

परत.

परत.

कुणीतरी स्पीकर बंद केला. आता फक्त तो आवाज. धप्. धप्. आणि ओवीचे लटकणारे हात.

मला आठवतं, माझ्या मनात एकच विचार होता. हिला मी घरी कशी नेऊ?

मग फरशीवर काहीतरी पडलं. छोटंसं.

आणि ओवी रडली. एवढ्या जोरात रडली की शेठही रडायला लागले.

"मैं गाडी निकालता हूँ, डॉक्टर के पास चलो," म्हणाले. टोपी तशीच डोक्यावर. डॉक्टरांनी तपासलं, छाती क्लिअर आहे म्हणाले.

परत आलो तर आँटी त्याच गठ्ठ्यावर बसलेल्या. हातात चहा, तसाच गार झालेला.

"आँटी, तुम्ही नसता तर..."

"गप. माझ्याच हातचं होतं ते."

"असं काय बोलता?"

"मीच केलेलं, मीच तिच्या हातात दिलेलं." मग माझा हात पकडला. "मी जाम घाबरले गं शीतल. मला वाटलं, गेली."

त्यानंतर बाकी सगळे विसरले. माझा नवरा संदीप त्या दिवशी ड्युटीवर होता, त्याने काही बघितलंच नाही. तो म्हणायचा, "झालं ना नीट? आता सोड."

सुटत नाही हो.

मी अजून द्राक्षाचे चार तुकडे करते. रात्री तिच्या नाकाखाली बोट धरून बघते.

हे फक्त आँटींना माहीत होतं. लंचला डबा उघडता उघडता हळूच विचारायच्या, "झोप लागते का?"

"नाही. तुम्हाला?"

"मला पण नाही."

एवढंच. पण तेवढ्याने बरं वाटायचं.

या डिसेंबरला म्हणाल्या, "यंदा कुलकुल नाही हां. मऊ केक करते."

"करा ना आँटी, सगळे वाट बघतात."

"नको. पीठ हातात घेतलं की तिचं तोंड दिसतं मला."

मग ताप आला. व्हायरल असेल म्हणून तशाच कामावर येत राहिल्या. एक दिवस आल्या नाहीत. शेजारणीने ॲडमिट केलं होतं. न्यूमोनिया.

परवा भेटायला गेले. तोंडावर मास्क. प्रत्येक श्वास विहिरीतून ओढून काढल्यासारखा. मी खाटेशी नुसती उभी, त्या दुपारसारखीच. इथे तर ओरडून बोलवायलाही कुणी उरलं नव्हतं. डॉक्टर, नर्स सगळे आधीच धावत होते.

त्यांनी मास्क थोडा बाजूला केला.

"ओवी जेवली?"

"जेवली."

"समोर बसून भरवते ना?"

"हो आँटी. मास्क लावा, प्लीज. प्लीज."

तेच शेवटचं बोलणं.

आज सकाळी शेठचा फोन आला. फोनवर नाव दिसलं तेव्हाच कळलं. मुलगा विमानात आहे, तो आला की माती देतील. पार्टी कॅन्सल.

आत्ता ओवी समोर बसून वरणभात खातेय. मी हे टाइप करतेय आणि दर ओळीला तिच्याकडे बघतेय.

तिला काहीच आठवत नाही. चांगलंच आहे.

आठवणाऱ्या आम्ही दोघीच होतो. आता मी एकटी आहे, आणि खरं सांगते, मला खूप भीती वाटतेय.

आँटी, माझी मुलगी आहे. तुमच्यामुळे आहे.

आता तुम्ही शांत झोपा.