मागच्या रांगेतून लिहिलेला शेरा

सरांनी हलगी आणून माझ्या पायापाशी ठेवली आणि म्हणले, "तू ठेका धर गं. तुमच्या तर रक्तातच हाय."

वर्ग हसला. पोरं हसली, पोरीबी हसल्या. दारात चहाचे कप घेऊन उभा राहिलेला शिपाईसुद्धा हसला. मी परभणीत डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि हे आमचे शारीरिक शिक्षणाचे सर. शर्ट कडक इस्त्रीचा, गळ्यात शिट्टी, बोलणं गोड. अपमानबी असा करायचे की ज्याचा झाला त्यालाच वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं.

मी जन्मात हलगीला हात लावला नव्हता. माझ्या बापानं मी जन्मायच्या आधीच वाजवणं सोडलं होतं. गावच्या वरातीपुढं, देवापुढं, कुणापुढंच वाजवणार न्हाई म्हणून आमच्या गल्लीनं ठरवलं होतं आणि त्यापायी दोन हंगाम कुणी आमाला रोजानं लावलं नव्हतं. घरात हलगी न्हाई, रेडिओ न्हाई. माझ्या रक्तात काय होतं म्हणाल तर रक्तच कमी होतं, दवाखान्यातल्या बाईनं गोळ्या दिल्या होत्या त्याच्या.

तरी मी हलगी उचलली. काडी मारली. आवाज निघाला तो फुटक्या पत्र्याचा.

"अरे, हिला तर येतबी न्हाई!" हे विलास म्हणला. विलास म्हणजे सभापतीचा पोरगा, आमच्या वर्गाचा प्रतिनिधी. पुन्हा सगळे हसले. बघा म्हणजे. येतं म्हणून हसायचं आणि येत न्हाई म्हणूनबी हसायचं. मी मान खाली घालून बडवत राहिले. कारण सराव पाठावर सही करायची ती सरांनी. सही नसली तर परीक्षेला बसू देत नव्हते. परीक्षा न्हाई तर नोकरी न्हाई, आणि माझ्या नोकरीवर घरातल्या सगळ्यांचे डोळे लागले होते.

सराव पाठ कसला ते सांगते. त्या वर्षी आमाला तालाचा खेळ शिकवायचा होता. दुसरीच्या लेकरांसाठी. ज्यानं त्यानं आपला तक्ता आपणच तयार करायचा. मोठ्या पांढऱ्या कागदावर चौकोनांच्या ओळी. चौकोनात गोल असला की टाळी. फुली असली की पाय आपटायचा. बाण असला की उडी. रिकामा चौकोन म्हणजे गप राहायचं. मास्तर छडीनं एकेक चौकोन दाखवत जाणार, लेकरं ठेक्यावर करत जाणार, चुकला तो बाद. बाकीचे आमी मागं बसून निरीक्षण लिहायचं. तक्त्यात काय जमलं, कुठं लेकरं अडखळली, कशानं अडखळली, काय बदलावं. निरीक्षणालाबी मार्क होते. ज्याला दुसऱ्याच्या पाठातली चूक दिसत न्हाई त्याला स्वतःची दिसणार न्हाई, असं सरच पहिल्या दिवशी म्हणले होते.

मला हे काम लय आवडलं, खोटं कशाला बोलू. भाकरी थापताना मी ओळी मोजायचे. दोन टाळ्या, एक फुली, एक गप. मोडायचे, परत जुळवायचे. लेकरांना गप बसायला सगळ्यात जड जातं, म्हणून रिकामा चौकोन ओळीच्या मधोमध टाकला, की हात उचललेला असतानाच थांबवावा लागेल. माझा पाठ झाला. लेकरं लय खिदळली. पण मागच्या रांगेतली पहिल्याच ओळीला बाद झाली आणि मला कळेना का.

पाठाचे कागद परत मिळाले. सगळ्यांच्या कागदावर लाल शाईनं भरभरून लिहिलेलं. गती वाढली, आवाज पोचत न्हाई, फळ्याकडं पाठ केली. विलासच्या पहिल्या पाठाला तर सरांना एक बाजू पुरली नव्हती, कागद उलटून लिहिलं होतं आणि वर त्याला खोलीत बोलावून घटकाभर समजावून सांगितलं होतं. माझ्या कागदावर एक ओळ. "ठेका उपजत आहे. ठीक."

मी विचारायला गेले. "सर, माझं काय चुकलं तेबी लिहा ना. मागची लेकरं बाद का झाली?"

"तुझं काय चुकणार? तुमाला देवानंच दिलंय," सर म्हणले आणि हसले.

मला तिथं रडू आलं असतं तर बरं झालं असतं. राग आला, आणि राग दाखवायची सोय नव्हती. मी इतके दिवस डोकं लावलं ते देवाचं झालं, शाई तेवढी माझी. बाकीच्यांच्या चुका काढून काढून सर त्यांना मास्तर करायले होते. माझी चूक काढायच्याबी लायकीची मी नव्हते. वर पुन्हा सगळ्यांच्या पाठाला हलगी मीच वाजवायची.

मागची लेकरं बाद का झाली ते मग माझं मीच शोधलं. पेडगावच्या वाटेवर एक शाळा होती, तिथं आमचे पाठ चालायचे. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या रांगेत जाऊन बसले, लेकरांसारखी मांडी घालून, आणि पुढं बघितलं. तक्त्याचा खालचा निम्मा भाग दिसतच नव्हता. पुढच्यांची डोकी. मागं बसणारी लेकरं कोण होती ते कुणाला सांगायला नको. नावं विचारली न्हाईत तरी कळतं, आमीबी तिथंच बसून शिकलो.

दुसऱ्या फेरीत विलासचा पाठ आला. मी मांडीवर हलगी आणि हलगीवर निरीक्षणाचा कागद ठेवून बसले होते. वाजवायचं आणि मधेमधे लिहायचं. त्यानं तक्ता रंगीत केला होता, देखणा. पण तिसऱ्या ओळीत उडीच्या लगेच पुढं फुली होती. दुसरीच्या लेकराचे पाय उडीतून खाली आले न्हाईत तोवर आपटायचे कुठून? सगळी तिथंच कोलमडली. दुसरी ओळ पहिलीसारखीच. गप राहायची जागा कुठंच न्हाई, लेकरांना दम घ्यायला मिळेना. छडी त्याची ठेक्याच्या पुढं पळायली होती. आणि तक्ता खाली टांगलेला. मागची रांग निम्म्या पाठातच बाद होऊन भिंतीला टेकून बसली, आणि विलासनं एकदाबी तिकडं बघितलं न्हाई.

मी हे सगळं लिहिलं. फुल्या ठळक काढल्या हे चांगलं, तेबी लिहिलं. लेकरांना तो नावानं हाक मारत होता, तेबी लिहिलं. दोन्ही बाजू भरल्या. शेवटी लिहिलं, "मागच्या रांगेतली मुले तालात कच्ची नाहीत. त्यांना तक्ता दिसत नाही. तक्ता वर टांगावा, नाहीतर रांगा बदलाव्यात." जसं मला कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे होतं तसं मी त्याला लिहून दिलं. खरं सांगते, मनात खोट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझा कागद वर्गात वाचला. आवाज बदलून, थांबत थांबत, एकेका वाक्याला वर्गाकडं बघून भुवया उडवत. "तक्ता वर टांगावा!" "दम घ्यायला जागा नाही!" पोरं बाकं वाजवायला लागली.

विलास उठला. "सर, आधी विद्यापीठाला नाव द्या म्हणायले. आता आमाला मार्क द्यायले."

तेव्हा नामांतराचा ठराव होऊन कैक वर्षं झाली होती आणि नामांतर झालेलं नव्हतं. ठरावाच्या पायी गावोगाव आमची घरं जळाली, माणसं गेली, आणि वर्गात त्याची अशी थट्टा चालायची. बाकं इतकी वाजली की बाजूच्या वर्गातले डोकावून गेले. सरांनी त्याला गप केलं न्हाई. हसू दाबत माझ्याकडं आले.

"हे फाड," सर म्हणले. "नवीन कागद घे. 'पाठ उत्तम' एवढंच लिही. पुढच्या आठवड्यात तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार हाईत, विलासचाच पाठ दाखवायचाय. तू हलगीला बसायचं. मग तुझ्या पाठावर सही करतो."

"सर, उत्तम न्हाई झाला तो."

"ते ठरवणारी तू कोण?"

त्या सवालाचा आजबी राग येतो मला. कागद मी फाडला न्हाई, पिशवीत घातला.

रविवारी गावाला गेले. बापाला सांगितलं. मला वाटलं होतं, हा माणूस गावाला न्हाई म्हणलेला माणूस हाय, ह्याला कळंल. बाप कोयत्याला धार लावत होता. गंगाखेडकडं ऊस तोडायला जायची तयारी चालली होती.

"लिही की माय उत्तम," बाप म्हणला. "एक शब्दच हाय. त्यानं काय झिजतंय?"

"बा, तुमी सोडलीच की हलगी. तुमाला काय कमी त्रास झाला?"

त्यानं कोयता बाजूला ठेवला. "मी सोडली तवा माझ्याकडं सोडायला हलगीच होती. तुझ्याकडं नोकरी हाय. नोकरी सोडायला मी तुला शिकवलं न्हाई."

माझी आई चुलीपाशी भाकरी थापत राहिली. मी बापावर चिडले, लय चिडले, जेवले न्हाई. आणि तो चूक होता असंबी मला म्हणता येईना. त्याच्या हाताला घट्टे होते, ते माझ्या समोर होते. पण एसटीत बसले आणि खिडकीतून बघता बघता डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. मी उद्या मास्तरीण होणार. माझ्या वर्गात मागच्या रांगेत लेकरं बसणार. ती बाद होऊन भिंतीला टेकतील तेव्हा मी काय लिहिणार? पाठ उत्तम. पुढारी येईल, साहेब येईल, मी उत्तम उत्तम लिहीत म्हातारी होणार. मग मास्तरीण कशाला व्हायचं? ऊसच तोडावा की सरळ.

साहेब आले त्या दिवशी शाळा झाडून काढली होती. पुढच्या खुर्च्यांवर साहेब, सर, विलासचे वडील. लेकरं रांगेत. सरांनी हलगी माझ्या हातात दिली.

मी ती टेबलावर ठेवली. साहेबांच्या पाण्याच्या तांब्याशेजारी.

"सर, मी वाजवणार न्हाई. मी निरीक्षणाला बसते."

सर दातओठ खात हळूच म्हणले, "तमाशा करू नको."

"मी करीत न्हाई, सर. मी बसायली." आणि मी बसले. ओढणी हातात घट्ट धरली होती. कागद काढला आणि लिहायला लागले.

मोठं काही घडलं असं समजू नका. विलासनं टेबलावर छडी आपटून ठेका धरला. तक्ता तसाच खाली टांगलेला, उडीपुढची फुली तिथंच. मागची लेकरं बाद झाली, भिंतीला टेकली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, छान म्हणले, नारळ घेतला आणि जीपमध्ये बसून गेले. मी काय लिहिलं ते कुणी विचारलं न्हाई. मी मात्र लिहीत होते. आधीच्या कागदात एक चूक सुटली होती, तीबी घातली.

संध्याकाळी सरांच्या खोलीत दोन्ही कागद नेऊन दिले. सर एकटेच होते. त्यांनी वाचलेबी न्हाईत.

"अजून वेळ हाय," सर म्हणले. त्यांचा आवाज आता गोड नव्हता. "शब्द बदल, सही करतो. पोरी, तुझ्याच भल्याचं सांगायलोय. ताल तर तुझ्या..."

"सर," मी मधेच म्हणले. त्यांना मधे तोडून बोलायची माझी पहिलीच वेळ. "तुमी आधी माझ्या पाठातल्या चुका लिहा. मग सहीचं बघू."

"चुका लिहा म्हणतीस?"

"हो. विलासला लिहिल्या तशा. दोन्ही बाजूंनी. माझा तक्ता मी डोक्यानं केलाय, तर त्यात चुकलंबी असंल माझंच डोकं. ते लिहा."

मला वाटतं त्यांना खरंच कळलं न्हाई मी काय मागायले. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना कळलं असतं. सवलत मागितली असती तर त्यांनी दिलीबी असती, वर चारचौघांत सांगितलं असतं. मी चुका मागत होते.

सही झाली न्हाई. परीक्षेला मला बसू दिलं न्हाई. बाप महिनाभर माझ्याशी नीट बोलला न्हाई आणि त्या हंगामाला मीबी कोयता घेऊन त्याच्या मागं गंगाखेडला गेले. फडात पाचट अंगाला कापत होतं आणि मी मनात ओळी जुळवत होते, त्या रक्तानं न्हाई, डोक्यानं जुळतात हे मला पक्कं ठाऊक होतं.

जूनला मी परत नाव घातलं. तोच वर्ग, तेच सर. पहिल्या दिवशी आत गेले तेव्हा काही जण हसले. मी पुढच्या बाकावर जाऊन बसले. ठरवूनच आले होते. ज्याचा पाठ होईल त्याच्या चुका लिहिणार, मग तो सभापतीचा असो का साहेबाचा. माझा पाठ झाला की कागद घेऊन सरांपुढं उभी राहणार आणि माझ्या चुका लिहून घेतल्याशिवाय तिथून हलणार न्हाई. ह्या वर्षीबी सही दिली न्हाई तर पुढच्या वर्षी येईन. आणि कुणी म्हणलं उत्तम लिही, तर निरीक्षण आणखी लांब लिहीन.