मुकादमाची बाळगोळी

नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर आम्ही बाया देठं खुडायचो. तान्ही पोरं शेजारी गोणपाटावर असायची. पोर रडलं की आई उठते, काम थांबतं, म्हणून मुकादमच सकाळी बाळगोळी वाटायचा. अफूच ती! चाटवली की पोर दिवसभर निपचित. वर मेला म्हणायचा, पोरं किती गुणी आहेत!

समोर एक म्हातारी बसायची. तिचं नाव कुणी विचारलं नाही. मधूनच उठून ती झोपलेल्या पोरांच्या नाकापाशी हात धरायची, तोही उलटा, कारण तळव्याला तिखट असायचं. कुणाच्या हातात गोळी दिसली की हिसकावून टाचेखाली चिरडायची. बाया तिला शिव्या घालायच्या.

एकदा तिनं माझ्या हातातली गोळी हिसकावली. मी भडकले. माझी पोरगी रडली आणि मुकादमानं मला हाकललं, तर तू आम्हाला पोसशील का, असं तिला तोंडावर विचारलं.

"रडू दे तिले," ती म्हणाली. "मन्ही पोर रडनीच नही."

पोरगी रडली. चांगली टाहो फोडून रडली. मुकादम ओरडत आला आणि त्यानं दुसरी गोळी पुढे केली. ती मी त्याच्यासमोरच टाचेखाली चिरडली.