सुधान सांगल्यान हा

सुधाकर गेल्याचा फोन आधी माझ्या बाबांना आला, मला नाही. तास संपवून वर्गाबाहेर आलो तेव्हा बाबांचे लागोपाठ फोन येऊन गेले होते. मी उलट लावला तर ते रडत होते. पुण्यात प्रयोगशाळेतून घरी परतताना हृदयविकाराचा झटका... माझा बालमित्र गेला, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की त्याच्या भावाने नंबर फिरवला तो बाबांचा. महिना उलटला तरी ते सलतंच आहे.

आम्ही दोघे वेंगुर्ल्याच्या बंदराजवळचे, दोघांच्याही घरी होडी. शिक्षण बरोबर झालं, संशोधनाच्या मुलाखतीलाही एकाच एसटीने गेलो. निवड त्याची झाली आणि मी कसालजवळच्या शाळेत विज्ञान शिकवू लागलो. मोबाइलमधल्या लिथियम-आयन बॅटऱ्या कशा झिजतात, कधी पेट घेतात, हा त्याचा विषय. महिनोन्‌महिने त्या भरायच्या, रिकाम्या करायच्या, तापवायच्या, काहींत मुद्दाम खिळा घुसवायचा. तो हे रंगून सांगायला लागला की माझा जळफळाट व्हायचा. खिळा मलाही घुसवता आला असता.

पण नोकरीचं एक वेळ सोडा. एकदा मासळी उतरवताना बाबांचा मोबाइल समुद्रात पडला. त्यांनी तो गोड्या पाण्याने धुतला आणि सुकत घातलेल्या बांगड्यांशेजारी चटईवर उन्हात टाकला. मासळीला करतात तेच. मी म्हटलं, "बाबा, आत रासायनिक विघटन होतं, तो वापरू नका." "तू पोरांका शिकव," म्हणाले आणि चार्जिंगला लावला. बॅटरी टम्म फुगली. गणपतीत, चवतीला सुधा गावी आला होता. त्याने ती अलगद काढली, सुक्या वाळूच्या मडक्यात ठेवली आणि मडकं अंगणाच्या टोकाला नेलं. "काकांनू, हिच्या पोटात वायू धरलोहा. हिका परत चार्जिंगाक लावू नकात." बाबा पोट धरून हसले आणि दिवसभर त्या मडक्यापाशी कोंबड्या हाकत बसले. मग त्याला म्हणाले, "तू थंय पुण्याक करतस काय रे?"

"बॅटरी म्हातारी कशी होता, तां बघतंय."

"मगे एकदा माका पण बघ."

मी शेजारीच उभा होतो. मी शाळेत काय करतो, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही...

परवा रविवारी घरी गेलो. बाबा ओसरीवर चार्जरला लावलेल्या फोनसमोर राखण केल्यासारखे बसले होते. अर्ध्याहून जरा जास्त भरल्यावर त्यांनी पिन काढली. काठोकाठ भरून गरम जागी ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, हे त्यांना सुधाने कधीतरी समजावलेलं. तुम्ही संध्याकाळी होडीवर जाणार, आज पूर्ण भरू दे, असं मी म्हटलं. तेही बरोबरच होतं.

"नको. सुधान सांगल्यान हा," बाबा म्हणाले आणि फोन खिशात घातला.

तो असता तर कधीतरी त्याचंही चुकलं असतं, आणि बाबांनी मला विचारलं असतं. आता त्याचं काही चुकणार नाही.