रोवणीच्या धुऱ्यावर बसलेला निर्माता

ज्यांच्याविषयी तुम्ही लिहिता, त्यांना ते कधी वाचून दाखवलंत का?

मी दाखवलं नव्हतं. ऐंशीच्या दशकातल्या एका आषाढात अड्याळजवळच्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, मी भाताची रोपं रोवणाऱ्या बायांच्या हक्कांची पत्रकं वाटायला गेलो होतो. तिथे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पँट दुमडून एक गृहस्थ बसला होता. मूळचा इकडचाच, पण मुंबईत टीव्हीची नाटकं लिहायचा आणि त्यांची निर्मितीही करायचा. दुसऱ्या दिवशी याच बांधीत चित्रीकरण होतं, म्हणून तो बायांना शेवटचा प्रसंग वाचून दाखवत होता. प्रत्येक वाक्यानंतर चष्मा कपाळावर सारून त्यांच्या तोंडाकडे बघायचा.

“नायिका रोवत रोवत पुढे सरकते,” त्याने वाचलं.

बाया खो खो हसल्या. “पुढं जाऊन राहिली त आपलाच रोवणा तुडवन ना, भाऊ!” एक म्हातारी म्हणाली. “आमी मागं मागं सरकतो. मुंबईत उलटं असते का?”

पोट धरून हसत त्याने वाक्य खोडलं. “लेखक चुकला त निर्माता त्याले सांभाळते, आजी. इथं दोन्ही मीच आहो. मले तुमच्याबिगर कोण सांभाळन?”

मी माझं पत्रक पाहिलं. वर ठळक छापलं होतं, ‘रोवणाऱ्या भगिनींनो, पुढे सरका!’

मग तेही बायांना वाचून दाखवलं. आजीने मथळा बदलायला लावला आणि मागण्या मात्र आणखी कडक केल्या.

तुमच्याजवळ कुणाविषयी लिहिलेला कागद असेल, तर छापण्याआधी त्याच्याकडे जा आणि मोठ्याने वाचा. तो हसला, तर पेन उघडा.