पोटदुखीवर हिंग

तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी नातीने मला कॅफेत जेवायला नेलं... फरीदाबादहून सरोजिनी नगर, मध्ये एकदा मेट्रो बदलायची. नेलं तिने, पण सीट मिळाली ती माझ्या पांढऱ्या केसांमुळे, एवढं तिने मान्य करावं.

मी बोलतेय आणि तीच टाइप करतेय, कारण अक्षरांशी माझी ओळख कधी झाली नाही. नाव ऋचा, वय एकोणीस. मधेमधे "आजी, हे नको ना" म्हणते, पण काही गाळायचं नाही असं ठरलंय.

तर ऋचाला गहू चालत नाही. मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं... पोळी बंद, ब्रेड बंद, रवा-मैदा बंद, जन्मभर.

आता दिल्लीत गहू सोडून बाहेर खायचं म्हणजे काय, ते इथल्यांनाच विचारा. भटुरे, कुलचे, समोसे, मोमो... मैत्रिणी खायला निघाल्या की ही म्हणायची, मला भूक नाहीये. एकोणीस वर्षांच्या पोरीला भूक नाही. मला वाचता येत नसलं तरी एवढं कळतं.

मग तिला चालतील असे कॅफे शोधणं सुरू झालं. ती फोनवर शोधायची, मी सोबतीला जायची. एका ठिकाणी वेटरने बराच विचार करून ब्राउन ब्रेड सुचवला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाला, "मैडम, ग्लूटेन तो हम किसी चीज़ में डालते ही नहीं." ग्लूटेन म्हणजे गव्हातला तो चिकटपणा, हिला बाधतो तोच... आणि हा म्हणतो जसं काही ते वरून घालायचं मीठच आहे.

तिसऱ्या ठिकाणी मेन्यूत सगळं छान लिहिलं होतं म्हणे. मी उठून आत डोकावले, तर हिचा बेसनाचा चिला, म्हणजे आपलं धिरडं, पराठ्यांच्याच तव्यावर चाललेलं. मी तिला तशीच उठवून बाहेर आणलं. ती लाजली, मी नाही.

एवढं सांभाळूनही तिचं पोट दुखायचंच. महिन्यातून तीन-चारदा कॉलेज बुडायचं. घरी तर तिचा तवा वेगळा, पिठाचे डबे वेगळे, भाकरी मी स्वतः थापते... मग दुखतं कशाने?

मी माझ्यापुरतं उत्तर शोधून टाकलं. पोरगी बाहेर चोरून खाते.

आणि माझं तोंड काही गप्प बसत नाही. रोज कॉलेजातून आली की विचारायचं, "काय गं, आज मोमो कुठले?" एकदा तर चार पाहुण्यांसमोर म्हटलं. सगळे हसले. आधी ती "आजी, शपथ, काही नाही खाल्लं" म्हणायची. मग तेही म्हणेनाशी झाली... ताट उचलून आपल्या खोलीत जायची.

तर तो शनिवार. कॅफे छोटासाच, चार टेबलं, चाळिशीतली एक पंजाबी बाई चालवते. दारातच म्हणाली, "आंटी जी, यहाँ गेहूँ घुसता ही नहीं. मेरा अपना बिस्कुट भी बाहर सीढ़ी पे खाती हूँ." मला आवडली.

ऋचाने पिझ्झा मागवला, तांदळाच्या पिठाचा. वर्षभरानंतर... पहिला घास तोंडात असतानाच दुसरा तोडला. मी टोमणा मारला नाही, हे नवलच.

मी आपला डाळभात घेतला होता. डाळ बरी होती, पण काहीतरी कमी. बाईला बोलावून म्हटलं, "बेटा, दाल अच्छी है, पर हींग भूल गई." पन्नास वर्षं दिल्लीकडे काढल्यावर एवढं हिंदी येतं.

ती म्हणाली, "भूली नहीं, आंटी जी. डिब्बी वाली हींग में आटा मिला होता है. बिना आटे वाली कल ख़तम हो गई, तो डाली ही नहीं."

माझा घास हातातच राहिला.

रोज वरणाला हिंग कोण घालतं? मी. पोट दुखलं की ताकात हिंग कोण देतं? मीच. फार दुखलं तर कोमट पाण्यातून आणखी चिमूटभर... जेवढं दुखेल तेवढा हिंग मी वाढवत होते. बेंबीवर लावला तेवढाच काय तो निर्दोष.

ऋचा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता बोलेल. वर्षभराचं सगळं बोलेल, आणि बोलू दे... तिने पिझ्झ्याचा एक तुकडा तोडून माझ्या ताटात ठेवला. म्हणाली, "खा आजी. चोरून नाही आणलाय."

एवढंच. माझ्यासारखीच झालीय, काय करणार.

घरी आल्यावर सुनेने डबी उलटी करून वाचली. बारीक अक्षरांत होतंच, गव्हाचं पीठ. घरात तीन शिकलेली माणसं, आणि डबी कुणी वाचली नव्हती... पण त्यांच्यावर ढकलत नाही. हिंग माझ्या हातचा होता, बोलणंही माझंच.

आता बिनपिठाचा हिंग आणलाय. तीन आठवड्यांत पोट एकदाच दुखलं, तेही कमी. तुमच्या घरी कुणाला गहू चालत नसेल, तर आज डबी वाचा. येत नसेल तर माझ्यासारखं कुणाला तरी वाचायला सांगा.

डाळ फिकी वाढणाऱ्या त्या बाईचे आभार. आणि चारचौघांत टोमणे मारले, तर हेही चारचौघांतच... ऋचा, तू खरं सांगत होतीस. माझं चुकलं.

हे शेवटचं टाइप करायला तिने फार वेळ लावला. "नको ना आजी" तीनदा झालं. म्हटलं, लिही. आता पोस्ट करायचं बटण कुठलं ते तिने दाखवलंय... दाबणार मी.