न चाखलेला रस्सा

मसाका शहराकडच्या त्या टेकडीवर कुणाचा जावई येवो की कुणाचं लग्न ठरो, कोंबडी रांधायची ती नाकिटेंडेनंच. साठ वर्षं तिनं रस्सा केला आणि त्याचा एक थेंब कधी जिभेला लावला नाही. बायकांनी कोंबडी खायची नाही, हा जुना रिवाज. आताच्या पोरी खुशाल तंगड्या चोखत गप्पा मारतात. नाकिटेंडे त्यांना काही बोलायची नाही, नुसतं तोंड फिरवायची. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा वालुगेंबे गेला, तरी तिनं रिवाज काही सोडला नाही.

न चाखता एवढी चव येते कुठून, हे कोडं तिची सून नाबुकीरा हिला लग्नापासून पडलेलं. ती शहरात वाढलेली, पातेल्यात डाव बुडवून तीनतीनदा चाखणारी. इथं सगळा मामला केळीच्या पानात. कोंबडी, पाणी, कांदा, टोमॅटो आणि मीठ घालून पानाची मोटळी एकदा बांधली की ती वाफेवर चढायची. मधे उघडून बघायची सोय नाही. मीठ चुकलं तर चुकलंच. सासूचं मात्र कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

यंदा हिवतापानं म्हातारीला पार झोपवलं. ताप उतरला, पण पोटात काही ठरेना. नाबुकीराचा नवरा कंपालात नोकरीला, त्यामुळे दवाखान्यातल्या नर्सचं बोलणं तिला एकटीलाच ऐकावं लागलं.

"कोंबडीचा रस्सा पाजा. तेवढाच ठरेल. नाहीतर आठवडाही निघायचा नाही."

"मी नाही पिणार," नाकिटेंडे भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

"नका पिऊ. मी माझ्यासाठी करते. कसा करायचा तेवढं शिकवा."

यावर म्हातारीला नाही म्हणता येईना.

नाबुकीरानं कोंबडी सोलली, भाजली, धुतली. मग पान मऊ करायला विस्तवावर धरलं. मधे कुडाची भिंत, तरी आतून आवाज आला, "पुरे, काढ! अजून धरलंस तर तडकेल."

"तुम्हाला दिसतंय होय आतून?"

"वास बदलला. तुझं नाक काय नुसतं शोभेला ठेवलंयस?"

मिठाची वेळ आली तेव्हा तिनं सुनेला जवळ बोलावलं. डोळे मिटूनच सुनेच्या तळहातावरच्या मिठात बोट फिरवलं, थोडे खडे झटकून टाकले. "आता घाल."

मोटळी वाफेवर चढली. नेहमीचे तीन तास व्हायच्या आधीच आतून हुकूम आला, "उतरव."

"अजून वेळ आहे, आई."

"कोवळी होती कोंबडी. उतरव म्हणते ना!"

नाबुकीरानं मोटळी सोडली. पिवळाधमक, नितळ रस्सा, वर तुपासारखे थेंब. तिनं चमचाभर चाखला. मिठाचा एक कण जास्त नाही की कमी नाही. जिनं ही चव जन्मात घेतली नाही, तिनं अंथरुणातून नुसत्या नाकाबोटांनी ती नेमकी पकडली होती.  आपल्या घरात एवढं मोठं माणूस आहे आणि ते आता हातातून चाललंय, असं वाटून नाबुकीराला भरून आलं.

वाटी घेऊन ती आत गेली.

"स्वतःसाठी करते म्हणालीस ना?"

"खोटं बोलले." नाबुकीराला रडू आवरेना. "दोन चमचे घ्या, आई. मला इतक्यात एकटी टाकू नका."

 नाकिटेंडे हळूच म्हणाली, "दार लाव."

पहिला चमचा तिनं डोळे मिटून घेतला.  घोट आत गेला आणि ठरला. दुसराही ठरला. मग म्हातारीनं डोळे उघडले, तर त्यात चक्क राग.

"हा असा लागतो?"

"हो."

"साठ वर्षं?"

"हो, आई."

"आणि तो तुझा सासरा जन्मभर ओरपून उठायचा आणि म्हणायचा, बरा झालाय. बरा!" ती कोपरावर उठून बसली आणि हात पुढे केला. "चमचा राहू दे. आण ती वाटी इकडे."