नडगीवर ठेवलेलं बोट

धोका नाही अशी एकही वस्तू देवाने निर्माण केलेली नाही, यावर माझ्या मैत्रिणीच्या वडिलांइतकी अढळ श्रद्धा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते, आणि संध्याकाळी घरी येताना नोकरी तिथेच ठेवून यायची असते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. घरात कोणी स्टुलावर चढलं की दुसऱ्याने ते धरून उभं राहायचं. बोरं खाताना बोलायचं नाही. गणपतीत आरतीच्या तबकाशेजारी वाळूची लाल बादली असायची. एका वर्षी गुरुजींनी तिच्यावर नारळ ठेवला, तर सगळी आरती होईस्तोवर काकांचं लक्ष देवाकडे नव्हतं, बादलीकडे होतं.

अशा माणसाची मुलगी सुनंदा आणि मी, दोघींनी सत्त्याऐंशी साली लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावायचं ठरवलं, तेव्हा काका दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुठल्याशा डॉक्टरांकडून हाडांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि फर्मान काढलं, "आधी वर्ग, मग रस्ता. मलमपट्टी काय, कोणीही करतं. पाय मोडायच्या आधी जे शिकायचं, ते मी शिकवणार." मग दर रविवारी त्यांच्या गॅलरीत फळा लागायचा. त्यावर काढलेला पाय हुबेहूब दुधी भोपळ्यासारखा दिसे. सुनंदा हसून लोळायची, काका मात्र गंभीरपणे पुढचा नियम फळ्यावर लिहायचे. अंतर कसं वाढवायचं, तर तान्ह्या बाळाला भात सुरू करतात तसं, चिमटी-चिमटीने. रस्त्याच्या एकाच कडेने रोज धावायचं नाही, कारण रस्ता कडेला उतरता असतो आणि एकच पाय मार खातो. विश्रांतीचा दिवस चुकवला तर सराव चुकवला असं धरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, "स्नायू दुखला तर हातभर दुखतो, हाड दुखलं तर बोटभर. बोट ठेवता आलं की थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचं!"

बूट घ्यायला त्यांनी आम्हाला उल्हासनगरला नेलं. तिथे प्रत्येक बूट ते दोन्ही हातांनी पिळून, वाकवून, टाचेत अंगठा खुपसून पाहत होते. दहाव्या जोडाला दुकानदाराने हात जोडले, "साईं, जूता लेना है कि निचोड़ना है?" काका म्हणाले, "भाईसाब, लडकी का पांव है. टूटा तो तुम जोडेगा क्या?" अकरावा जोड दुकानदाराने बिचाऱ्याने स्वतःच वाकवून दाखवला.

पहाटे आम्ही अंबरनाथ पूर्वेहून बदलापूरच्या बाजूला, पार खरवईपर्यंत धावायचो. मागून सायकलवर काका, कॅरिअरला प्रथमोपचाराची पेटी. "खड्डा! डावीकडे! कुत्र्याकडे बघू नका, त्याला राग येतो!" खरवईत एक म्हातारी शेणाची पाटी खाली ठेवून रोज हा तमाशा बघायची. एकदा तिने विचारलंच, "पोरींना कनाला पलवताव वो?" काका सायकलवरून उतरले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "मी पळवत नाही हो आजी. मी थांबवायला आलोय."

शर्यत तीन आठवड्यांवर आली आणि माझी उजवी नडगी दुखू लागली. बाबांची गिरणी बंद पडून चार वर्षं झाली होती. पहिल्या दहांत आले तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचं बघू, असं एका साहेबांनी बाबांना सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्यावर आमचं घर पुन्हा हसायला लागलं होतं. मी रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावून नडगीवर बोट ठेवून बघायची. दुखणं बोटभरच होतं. एवढं शिकवलं नसतं तर निदान अडाणीपणाने तरी धावले असते! मी कोणालाच बोलले नाही, पण चौथ्या दिवशी मागून सायकल करकचून थांबली.

"तुझा उजवा पाय कमी वाजतोय," काका म्हणाले.

"नाही हो काका."

"चार दिवस ऐकतोय मी."

कल्याणला एक्स-रे काढला. त्यात काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दिसत तर काही नाही. बाबांचा चेहरा उजळला. काका मात्र फोटो खिडकीशी धरून उभेच. "सुरुवातीला फोटोत दिसत नाही, असं पुस्तकात आहे," ते चाचरत म्हणाले.

"पुस्तक नोकरी देणार आहे का?" बाबा कडाडले.

काका माझ्यासमोर येऊन बसले. "मी नको म्हणणार नाही. तुला शिकवलंय. तूच बोट ठेव आणि सांग."

मी बोट ठेवलं आणि रडायला लागले.

शर्यतीच्या दिवशी सुनंदा एकटीच धावली, अठ्ठाविसावी आली. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग दुसरा एक्स-रे निघाला, आणि हाडावर केसाएवढी रेघ दिसली. तशीच धावले असते तर हाड दुभंगलं असतं, डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, आता काका "सांगितलं नव्हतं?" म्हणतील. ते दवाखान्याच्या बाकावर मटकन बसले आणि रुमालात तोंड लपवून म्हणाले, "फार घाबरलो होतो गं. मी चुकलो असतो तर? नुसत्या माझ्या भित्रेपणापायी तुझी नोकरी गेली असती तर?" बाबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

पुढच्या वर्षी मी ती शर्यत पुरी केली, पण पहिल्या दहांत काही आले नाही. नोकरी मिळाली ती शाळेत, पीटीच्या बाईची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काका बरेच थकले. एका दुपारी मी भेटायला गेले तेव्हा ते पायांवर पांघरूण घेऊन खिडकीशी बसले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि त्यांनी जरा लाजतच विचारलं, "धावताना नेमकं कसं वाटतं गं? मी कधी धावलोच नाही. भीती वाटायची."

मी सांगायला लागले, पण शब्द सापडेनात. वारा, श्वास, पायांची लय, असं काहीबाही बोलत राहिले. काका डोळे मिटून ऐकत होते, आणि पांघरुणाखाली त्यांची पावलं हळूहळू हलत होती.